लष्करी स्नायपर रायफल आणि शस्त्राची सुरक्षित हाताळणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत नेमबाजी शिकायला येणारी मुले, त्यांचे पालक आणि शस्त्र परवान्याच्या चौकशीसाठी येणारे नागरिक यांच्याकडून लष्करी स्नायपर रायफलीविषयी हमखास विचारणा होते. काहींना तिची रचना समजून घ्यायची असते, तर काहींना शस्त्र हाती घेताना कोणती काळजी घ्यावी हे जाणून घ्यायचे असते. आमच्या दृष्टीने हे दोन वेगळे विषय नाहीत. आपल्या नळीतून सुटलेली गोळी कुठे जाऊन थांबणार आहे, हे चाप ओढण्याच्या आधी ज्याला ठाऊक असते तोच अचूक नेमबाज असतो आणि तोच सुरक्षितही असतो. पुढील उत्तरे याच भूमिकेतून दिली आहेत.

स्नायपर रायफल आणि सैनिकाची नेहमीची रायफल यांत नेमका फरक काय?

नेहमीची रायफल जवळच्या आणि मध्यम अंतरावरच्या चकमकीसाठी असते. ती हलकी असावी, भराभर झाडता यावी आणि चिखल-पाण्यातही चालावी, ही तिच्याकडून अपेक्षा असते. स्नायपर रायफलीकडून अपेक्षा वेगळी असते: एकामागून एक झाडलेल्या गोळ्या शक्य तितक्या एकाच जागी लागल्या पाहिजेत. त्यासाठी तिची नळी जाड आणि लांब असते, आणि अनेक रायफलींत ती दस्त्याला कुठेही टेकू न देता मोकळी ठेवलेली असते, कारण गोळी सुटताना नळी दर वेळी सारखीच कंप पावली पाहिजे. चाप हलका आणि न अडखळता एकदम सुटणारा असतो, वर दुर्बीण बसवलेली असते आणि काडतुसेही काटेकोर मोजमापाने बनवलेली असतात.

बऱ्याच स्नायपर रायफली बोल्ट ॲक्शन पद्धतीच्या असतात, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, हाताने मागे-पुढे करावा लागतो. वेग कमी पडतो, पण हलणारे भाग कमी असल्यामुळे सातत्य वाढते. अर्धस्वयंचलित रायफल दुसरी गोळी लवकर झाडू देते, पण त्याची किंमत तिला थोड्याफार अचूकतेने मोजावी लागते.

भारतीय सैन्य कोणत्या स्नायपर रायफली वापरते?

अनेक दशके हे काम प्रामुख्याने ड्रॅगुनोव्ह या रशियन बनावटीच्या रायफलीने केले. येवगेनी ड्रॅगुनोव्ह यांनी तिची रचना केली आणि सोव्हिएत सैन्याने ती १९६३ मध्ये स्वीकारली. ती अर्धस्वयंचलित असून ७.६२ बाय ५४ मिलिमीटरचे काडतूस वापरते, मॅगझिनमध्ये १० काडतुसे मावतात आणि मूळ दुर्बीण चार पट मोठे दाखवणारी आहे. सुमारे ८०० मीटरपर्यंत ती उपयोगी मानली जाते. खरे तर तिची कल्पनाच पायदळाच्या तुकडीबरोबर चालणाऱ्या निष्णात नेमबाजासाठी होती. तुकडीपासून दूरवर दबा धरून बसणाऱ्या स्नायपरची गरज तिच्याहून मोठी असते.

ती उणीव नियंत्रण रेषेवर जाणवू लागल्यावर २०१९ मध्ये इटलीची बेरेटा स्कॉर्पिओ टीजीटी आणि अमेरिकेची बॅरेट एम ९५ या रायफली मर्यादित संख्येने आणल्या गेल्या, आणि पुढे फिनलंडची साको टीआरजी ४२ आली. यांपैकी बेरेटा आणि साको .३३८ लापुआ मॅग्नम हे काडतूस वापरतात, ज्याची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने निघते आणि जवळजवळ दीड किलोमीटरपर्यंत आपला नेम टिकवते. बॅरेटचे काडतूस आणखी मोठे, १२.७ मिलिमीटरचे आहे. तिरुचिरापल्लीच्या आयुध निर्माणीत तयार झालेली विध्वंसक ही रायफल मात्र वाहने, रडार, खंदक अशा वस्तूंवर मारा करण्यासाठी आहे, त्यामुळे तिची गणना वेगळ्या वर्गात होते.

चित्रपटात दाखवतात तसे दोन-तीन किलोमीटरवरून लक्ष्य टिपणे खरोखर शक्य आहे का?

अपवादाने शक्य झाले आहे. २०१७ मध्ये इराकमध्ये कॅनडाच्या विशेष दलातील स्नायपरने ३,५४० मीटरवरून केलेल्या नेमाला त्या देशाच्या सैन्याने दुजोरा दिला होता. पण अशा घटनांवरून स्नायपरच्या रोजच्या कामाचा अंदाज बांधू नये. त्यामागचे गणित पाहिले म्हणजे ते अंतर किती असाधारण आहे हे कळते.

७.६२ बाय ५१ मिलिमीटरचे नेहमीचे काडतूस घेऊ. १०० मीटरवर नेम जुळवलेली रायफल तशीच ठेवून ८०० मीटरवर गोळी झाडली, तर ती सुमारे सात मीटर खाली लागते, म्हणजे साधारण दोन मजले खाली. हे अंतर कापायला तिला सव्वा सेकंदाहून अधिक वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात ताशी १५ किलोमीटरचा आडवा वारा तिला मीटरभराहून जास्त बाजूला ढकलतो. त्यात हवेची घनता बदलते. समुद्रसपाटीच्या मुंबईत दाट आणि दमट हवेत जुळवलेला नेम लडाखच्या विरळ हवेत तसाच लागू पडत नाही, कारण तिथे गोळीला रोध कमी होतो आणि ती वर लागते. काडतुसातल्या दारूचे तापमान बदलले तरी वेग बदलतो.

म्हणून नेमबाज कोनाच्या भाषेत बोलतात. एका अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट, आणि तो १०० मीटरवर सुमारे २९ मिलिमीटर भरतो. ज्या रायफलीच्या गोळ्या एका मिनिटाच्या आत बसतात, ती चांगली स्नायपर रायफल मानली जाते. हजार मीटरवर हेच वर्तुळ सुमारे २९ सेंटिमीटरचे होते. हा रायफलीचा स्वतःचा पसारा झाला. माणसाची चूक आणि वाऱ्याचा चुकलेला अंदाज त्यात अजून मिळवायचा आहे.

रायफल उत्तम असेल तर नेम आपोआप सुधारतो का?

नाही. १९३९-४० च्या सोव्हिएत संघाविरुद्धच्या हिवाळी युद्धात फिनलंडच्या सिमो हायहा या सैनिकाने दुर्बीण न लावता, नळीवरच्या साध्या लोखंडी माशीवर (नेम धरण्याच्या खुणेवर) नेम धरून शत्रूचे शेकडो सैनिक टिपले, ते या प्रश्नाचे पुरेसे उत्तर आहे. दुर्बीण नको असण्याची त्याची कारणे व्यवहारी होती: तिच्यासाठी डोके थोडे वर काढावे लागते आणि काचेवर ऊन चमकले की जागा उघडी पडते. श्वास, शरीराची ठेवण, चापावरचा संथ दाब आणि गोळी सुटल्यानंतरही क्षणभर न हलणे, या चार गोष्टी १० मीटरच्या एअर रायफलीवरच शिकाव्या लागतात. ज्यांनी त्या तिथे शिकलेल्या नाहीत त्यांच्या हाती महाग रायफल दिल्याने फक्त खर्च वाढतो.

स्नायपर नेहमी जोडीने का असतात?

एक जण नेम धरतो आणि दुसरा अधिक ताकदीच्या दुर्बिणीतून अंतर, वारा आणि आजूबाजूचा परिसर पाहतो, गोळी कुठे लागली ते सांगतो आणि जोडीदाराचे रक्षण करतो. दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या माणसाची नजर फार अरुंद झालेली असते, त्यामुळे लक्ष्याच्या मागे किंवा बाजूला कोण आले हे त्याला दिसेलच असे नाही. शिवाय दीर्घकाळ एकाग्र राहणे दमवणारे असते, म्हणून दोघे कामाची अदलाबदलही करतात.

मुंबईत असे प्रशिक्षित नेमबाज आहेत का?

आहेत. नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात ताजमहाल हॉटेल, ओबेरॉय-ट्रायडंट आणि नरिमन हाउस येथे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाने कारवाई केली. त्यानंतर या दलाचे केंद्र मुंबईत सुरू झाले आणि महाराष्ट्र पोलिसांनी फोर्स वन हे स्वतःचे पथक उभारले. शहरातल्या स्नायपरचे काम डोंगरातल्या स्नायपरपेक्षा बरेच निराळे असते. अंतर कमी असते, पण काच, ओलीस, समोरच्या इमारतीतील रहिवासी आणि खाली जमलेली गर्दी या सगळ्यांचा विचार करावा लागतो. त्यामुळे त्याचा बहुतेक वेळ निरीक्षण करून माहिती पुरवण्यात जातो, आणि गोळी न झाडण्याचा निर्णय हासुद्धा त्याच्या कौशल्याचाच भाग असतो. कुलाब्याच्या अरुंद गल्ल्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

सामान्य नागरिकाला स्नायपर रायफल विकत घेता येते का?

लष्करी वापराची रायफल घेता येत नाही. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांनुसार स्वयंचलित शस्त्रे प्रतिबंधित आहेत, आणि सैन्याची .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरची काडतुसे झाडू शकणाऱ्या रायफलीही निर्बंधित वर्गात मोडतात. आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी उपकरणेही त्याच वर्गात येतात. सायलेन्सरविषयी चुकीची समजूत फार आहे म्हणून इथेच सांगतो: तो आवाज कमी करतो, नाहीसा करत नाही. ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडकडाट हवेत होतो, आणि नळीवर काहीही बसवले तरी तो थांबत नाही.

इतर वर्गांतल्या शस्त्रांसाठी मुंबईत पोलीस आयुक्तालयाकडे अर्ज करावा लागतो. अर्जदाराचे वय २१ वर्षे पूर्ण असावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन शस्त्रे बाळगता येतात आणि परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. क्रीडा नेमबाजांसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत. शस्त्र नियमांनी सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखलाही मागितला आहे. हा दाखला अनेक जण केवळ एक कागद समजून मिळवतात, आणि आमच्या मते परवान्याच्या साऱ्या प्रक्रियेत हीच सर्वांत चिंताजनक गोष्ट आहे.

हाताळणीचे मूलभूत नियम कोणते?

चार नियम जगभर मानले जातात. पहिला, प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजून वागावे, मग कोणी काहीही सांगो. दुसरा, ज्यावर गोळी झाडण्याची तयारी नाही, त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही वळू देऊ नये. तिसरा, नेम लक्ष्यावर स्थिरावून झाडण्याचा निर्णय होईपर्यंत बोट चापापासून दूर, दस्त्याच्या बाजूला सरळ ठेवावे. चौथा, लक्ष्य कोणते आहे आणि त्याच्या मागे काय आहे, याची खात्री असावी.

हे नियम एकमेकांना आधार देतात. अपघात होण्यासाठी सहसा एकाच वेळी दोन नियम मोडावे लागतात: बोट चापावर असते आणि नळीही माणसाकडे वळलेली असते. यांतला एक जरी पाळला गेला, तर चुकून सुटलेली गोळी मातीत किंवा भिंतीत जाते. म्हणून दुसरा नियम आम्ही सर्वांत कठोरपणे पाळायला लावतो. शेजारच्या मार्गिकेतल्या मित्राने हाक मारली की नवशिके कमरेतून वळतात आणि त्यांच्याबरोबर रायफलही वळते. ही सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी लागते: आधी रायफल खाली ठेवायची, बोल्ट उघडायचा, मग मागे पाहायचे.

मॅगझिन काढले म्हणजे रायफल रिकामी झाली ना?

नाही, आणि हा गैरसमज जीवघेणा आहे. मॅगझिन काढल्यावरही चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, एक काडतूस राहिलेले असू शकते. क्रमही महत्त्वाचा आहे. नळी सुरक्षित दिशेला ठेवून आधी मॅगझिन काढावे, मग बोल्ट मागे घ्यावा आणि चेंबरमध्ये डोळ्यांनी पाहून बोटाने चाचपावे. कोणी उलटे केले, म्हणजे आधी बोल्ट ओढून चेंबर रिकामे केले आणि बोल्ट पुढे गेल्यावर मॅगझिन काढले, तर मॅगझिनमधले पुढचे काडतूस आधीच चेंबरमध्ये जाऊन बसलेले असते, आणि माणूस मात्र शस्त्र रिकामे आहे अशा समजुतीत वावरतो.

शस्त्र एकाने दुसऱ्याच्या हाती देताना बोल्ट उघडा असावा. देणाऱ्याने तपासलेले घेणाऱ्याने पुन्हा तपासावे, आणि त्यात कोणी अपमान मानू नये. स्पर्धांमध्ये गोळीबार सुरू नसताना चेंबरमध्ये भडक रंगाची सुरक्षा पट्टी घालून ठेवणे बंधनकारक असते, त्यामुळे रेंज अधिकाऱ्याला, म्हणजे नेमबाजीच्या जागेवर देखरेख करणाऱ्याला, लांबूनच खात्री पटते.

सेफ्टी लावलेली असेल तर काळजीचे कारण नाही, असे म्हणता येईल का?

म्हणता येणार नाही. सेफ्टी हा चाप अडवून ठेवणारा एक यांत्रिक भाग आहे आणि यंत्र झिजते, अडकते, अर्धवट सरकते. वरचे चार नियम पाळून झाल्यावरची ती जास्तीची खबरदारी आहे.

चाप ओढला आणि गोळी उडाली नाही, तर काय करावे?

रायफल तशीच लक्ष्याच्या दिशेने धरून ठेवावी. काडतुसातली दारू कधी कधी उशिरा पेटते, म्हणून किमान ३० सेकंद थांबावे, रेंज अधिकाऱ्याला हात वर करून कळवावे आणि त्यानंतर बोल्ट उघडावा. चेहरा चेंबरच्या रेषेत आणू नये.

याहून धोकादायक प्रकार म्हणजे नेहमीपेक्षा दबका आवाज येणे आणि धक्काही कमी बसणे. अशा वेळी दारू कमी पेटून गोळी नळीतच अडकलेली असू शकते. लगेच दुसरी गोळी झाडली, तर अडकलेल्या गोळीमागे दाब वाढून नळी फुटू शकते. गोळीबार थांबवून, रायफल रिकामी करून, नळी आरपार मोकळी असल्याचे जाणकाराकडून तपासून घ्यावे.

रायफलीच्या दुर्बिणीतून आसपास पाहिले तर चालते का?

चालत नाही. दुर्बीण जिकडे पाहते, नळीही तिकडेच पाहते. कोणाकडे पाहायचे असेल तर हातातली वेगळी दुर्बीण वापरावी.

पॉइंट टू टू (.२२ इंची) ही तर लहान गोळी आहे, तिची एवढी धास्ती कशाला?

ही लहान गोळी सुमारे दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते, आणि ७.६२ मिलिमीटरची तर काही किलोमीटर. मुंबईत दीड किलोमीटरच्या परिघात किती चाळी, शाळा आणि रेल्वे स्थानके येतात, याचा विचार प्रत्येकाने आपल्या घरापासून करून पाहावा. रेंजमध्ये लक्ष्यामागे उंच भिंत किंवा मातीचा बांध असतो तो यासाठीच. लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत झाडलेली गोळी कुठे तरी खाली येतेच, आणि ती येते तेव्हा कोणाच्या डोक्यात शिरण्याइतका वेग तिच्यात असू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अशा गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आमच्या मते ती कमीच आहे.

कान आणि डोळ्यांसाठी काय लागते?

रायफलीचा आवाज कानाजवळ १५० डेसिबलच्या वर जातो आणि १४० डेसिबलच्या पुढचा एकच आवाजही ऐकण्याची शक्ती कायमची कमी करू शकतो. बंद रेंजमध्ये कानात बोळे आणि त्यावर इअरमफ, असे दोन्ही वापरावे. डोळ्यांवर न फुटणारा चष्मा असावा. गोळ्या आणि छर्रे शिशाचे असतात, म्हणून रेंजवर खाऊ नये आणि घरी जाण्याआधी हात साबणाने धुवावेत. गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी शिशाच्या बाबतीत विशेष सावध राहावे.

मुंबईच्या हवेत शस्त्राची निगा कशी राखावी?

खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांमुळे इथे गंज फार लवकर धरतो. प्रत्येक सरावानंतर, आणि पावसाळ्यात सराव नसला तरी अधूनमधून, नळी आतून पुसून तेलाचा पातळ हात द्यावा. झाडण्यापूर्वी मात्र नळीतले तेल कोरड्या कापडाने काढावे. चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या पिशवीत शस्त्र महिनोन्‌महिने ठेवू नये, कारण ती पिशवी ओल धरून ठेवते. कुलूपबंद लोखंडी कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी बदलाव्यात. काडतुसे वेगळ्या कुलपात असावीत. किल्ली कुठे आहे हे घरातल्या मुलांना माहीत असता कामा नये. मुलांना माहीत नसेल, असे पालकांना वाटत असते तेव्हाही जागा बदलावी. साफ करायला बसताना काडतुसे त्या खोलीतच नसावीत.

लोकलने किंवा विमानाने रायफल नेता येते का?

परवाना किंवा त्यातून सूट असल्याची कागदपत्रे जवळ असावीत, शस्त्र रिकामे आणि पूर्ण झाकलेले असावे. गर्दीच्या वेळी लोकलने नेणे टाळावे असा आमचा सल्ला आहे, कारण धक्काबुक्कीत पेटीवर ताबा राहत नाही. विमानात शस्त्र केवळ नोंदवून, चेक-इन सामानातूनच जाते.

वडिलांच्या पश्चात घरात त्यांची बंदूक आहे. ती आम्ही ठेवू शकतो का?

परवाना व्यक्तीच्या नावे असतो, म्हणून त्यांच्या निधनानंतर ती बंदूक विनापरवाना घरात ठेवणे गुन्हा ठरू शकतो. विलंब न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी, आणि वारसाला ती हवी असल्यास स्वतःच्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा. बंदूक कशी उघडतात हे ठाऊक नसेल, तर तिला हात न लावता पोलिसांना घरी बोलवावे. माळ्यावर जुनी काडतुसे सापडली तरीही हेच करावे. ११२ या क्रमांकावर कळवता येते.

मुलाला किंवा मुलीला सैन्यात स्नायपर व्हायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

सैन्यात थेट स्नायपर म्हणून भरती होत नाही. आधी सैनिक व्हावे लागते, आणि नेमबाजीत, चिकाटीत आणि मैदानी कौशल्यात जे उतरतात त्यांची निवड होऊन त्यांना पुढचे प्रशिक्षण मिळते. महू येथील इन्फंट्री स्कूल हे त्यासाठीचे प्रमुख ठिकाण आहे. शाळा-महाविद्यालयाच्या वयात राष्ट्रीय छात्र सेना हा उत्तम मार्ग आहे. अंजली भागवत यांची नेमबाजीही मुंबईतल्या महाविद्यालयीन दिवसांत छात्र सेनेतूनच सुरू झाली.

त्याच्या जोडीने १० मीटर एअर रायफल शिकवावी. या प्रकारात दहा गुणांचा ठिपका केवळ अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पहिले काही आठवडे छर्रा न घालता केवळ उभे राहणे, श्वास आणि चाप यांचाच सराव करून घेणारा प्रशिक्षक निवडावा. पहिल्याच दिवशी पन्नास छर्रे झाडू देणाऱ्या वर्गात मूल जास्त खूश होते, तरीही त्याला तिथे घालू नये. प्रवेश घेण्यापूर्वी पालकांनी एक तास रेंजच्या मागे बसून पाहावे: लक्ष्य बदलायला कोणी पुढे जाते तेव्हा सगळ्या रायफली खाली ठेवल्या जातात का, बोल्ट उघडे असतात का, आणि कोणाची नळी वळली तर प्रशिक्षक तेवढ्यापुरता सराव थांबवतो का.